मुठीपाशी कापलेले धनुष्य

अवघड काम अंगावर घेतले की मराठीत शिवधनुष्य उचलले असे म्हणतात. म्हण तिथेच थांबते. जनकाच्या सभेत पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक असते, पण म्हणीत ते येत नाही. दोरी ओढताना ते धनुष्य मधोमध मोडले. लाकडाशी आयुष्य काढलेल्या माणसाला हा तपशील सोडवत नाही. धनुष्याची मुठीची जागा बहुधा सर्वांत जाड असते. मोडलेच तर ते मुठीच्या वर किंवा खाली, पाते जिथे जास्त वाकते तिथे मोडते. मध्ये मोडणे हा खरोखरच चमत्कार म्हणायचा.

गेले वर्षभर मी मात्र मध्ये सुटणाऱ्या धनुष्यांच्याच मागे लागलो आहे. ही मुद्दाम कापलेली, पिशवीत घालून न्यायची आणि मैदानावर पुन्हा जोडायची धनुष्ये. कारण घरगुती आहे. माझी भाची चौदा वर्षांची. गेली दोन वर्षे ती ‘इंडियन राउंड’ या प्रकारात बांबूच्या धनुष्याने खेळते. ३० आणि ५० मीटर ही त्यातली अंतरे. आता रिकर्व्हकडे वळायला हवे, असे तिच्या प्रशिक्षकांचे म्हणणे. ऑलिम्पिकमधल्या वैयक्तिक स्पर्धा त्याच धनुष्याने होतात. चांगल्या रिकर्व्हचा पूर्ण संच लाखांच्या घरात जातो. क्लबमधला सामायिक संच तिच्या ताकदीला जड आहे. तो ओढून ओढून तिचा खांदा दुखायला लागला. मी आयटीआयमध्ये तीस वर्षे सुतारकाम शिकवले. ती म्हणाली, “मामा, तुम्ही लाकडाचं काहीही करता, मग हे का नाही?” तिच्या सरावापुरते एक सुटे होणारे धनुष्य घरी करावे असे ठरवले, आणि कागदावर पहिली रेघ मारण्याआधीच अडलो. कापायचे कुठे?

आधी दोन शब्द. सुट्या होणाऱ्या धनुष्याला खेळाडू टेकडाउन म्हणतात. मधल्या मुठीच्या ठोकळ्याला रायझर, आणि वरखालच्या दोन लवचीक पात्यांना लिम्ब. मुलांच्या तोंडून ‘लिम्ब बदलले’ असे पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला अंगणातला कडुलिंब आठवला. या लेखात मी मूठ आणि पाती हेच शब्द वापरतो. रिकर्व्ह म्हणजे ज्याच्या पात्यांची टोके नेमबाजाच्या उलट दिशेने, पुढे वळलेली असतात ते धनुष्य.

कापण्याच्या प्रश्नाचे उत्तर सोपे वाटते: जिथे वाकत नाही तिथे. पण सगळ्या धनुष्यांना न वाकणारी जागा असतेच असे नाही. इंग्लंडचे प्रसिद्ध लांब धनुष्य एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मुठीसकट, थोडे थोडे वाकते. आपल्याकडच्या भिल्लांची कामठीही बऱ्याच अंशी तशीच. बांबूची फाक, आणि पुष्कळदा दोरीही बांबूच्याच सालीची. अशा धनुष्याला मध्ये सांधा घातला की त्याचा जीव गेला. सुटे होणारे धनुष्य जन्माला यायचे तर आधी मुठीने वाकणे थांबवायला हवे. हे जगात एकदा आशियात झाले आणि नंतर, अगदी अलीकडे, अमेरिकेत.

आशियातली गोष्ट जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणात ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशा चार द्रव्यांची धनुष्ये येतात. दोऱ्यांची यादीही तिथेच आहे: मूर्वा, रुई, ताग, गवेधु, बांबू आणि स्नायू. भिल्लांची बांबूची दोरी त्या यादीत बसलेली पाहून मला बरे वाटले. शिंगाचे ते शार्ङ्ग. विष्णूला शार्ङ्गपाणी म्हणतात ते यामुळे. मेहकरच्या शारंगधराच्या नावातही तेच शिंग आहे. पण शिंगाचे धनुष्य म्हणजे अखंड शिंग वाकवलेले नव्हे. मध्ये लाकडाचा गाभा, नेमबाजाकडच्या अंगाला म्हशीच्या शिंगाची पट्टी, आणि पुढच्या अंगाला जनावराच्या स्नायूचे तंतू सरसात भिजवून बसवलेले. दोरी ओढली की पुढचे अंग ताणले जाते आणि आतले दाबले जाते. स्नायू ताण सोसतो, शिंग दाब सोसते. लाकूड या दोघांना एकमेकांपासून अंतरावर धरून ठेवते, बस्स. या रचनेमुळे धनुष्य आखूड करता येते, टोके पुढे वळवता येतात आणि मूठ ताठ ठेवता येते. घोड्यावरून बाण मारणाऱ्याला याहून काय हवे?

शत्रू एकच, दमट हवा. सारे धनुष्य सरसावर उभे, आणि सरस पावसाळ्यात सैल पडतो. तुर्की कारागीर माशाच्या वाताशयापासून केलेला सरस वापरत, आणि धनुष्य तयार व्हायला वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागे; थर बसवायचे, वाळू द्यायचे, पुन्हा बसवायचे. इतके कष्ट घेऊन केलेली वस्तू आपल्याकडच्या आषाढ-श्रावणात शस्त्रागारात पडून राहिली तर तिचे काय होईल ते सांगायला नको.

यावर हिंदुस्थानी लोहारांनी काढलेला तोडगा मला फार आवडतो. त्यांनी शिंगाच्या धनुष्याचा आकार जसाच्या तसा पोलादात उतरवला. ताठ मूठ, वळलेली पाती, पुढे झुकलेली टोके, आणि वरून सोन्याची कोफ्तगरी. सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातली अशी पोलादी धनुष्ये आज परदेशी संग्रहालयांत आहेत. त्यांतल्या काहींची मूठ मध्यावर आटे पाडून जोडलेली आहे. पिळले की धनुष्याचे दोन तुकडे होतात. युरोपीय लेखक पुढे ज्याला सुटे होणारे धनुष्य म्हणू लागले ते इथल्या लोहाराने मुठीतल्या आट्यांनी आधीच करून ठेवले होते.

त्याचे गुण सरळ होते. पावसाची भीती नाही, दोरी चढवून कितीही दिवस ठेवा, दोन तुकडे करून सामानात टाका. दोषही सरळ होता. पोलाद जड. दोरी सोडल्यावर धनुष्याने साठवलेली ताकद बाणात जायची, तर त्यातला मोठा वाटा स्वतःच्या जड पात्यांना पुढे ढकलण्यातच खर्च होतो. म्हणून त्याच वजनाच्या शिंगाच्या धनुष्यापेक्षा पोलादी धनुष्याचा बाण मंद जातो. घड्याळातल्या स्प्रिंगलाही जुन्या मराठीत ‘कमान’च म्हणत. पोलाद ताकद साठवायला उत्तमच, पण धनुष्याची पाती रिकाम्या हातांनी परतावी लागतात, आणि हलके असणे तिथे ताकदीइतकेच महत्त्वाचे.

इंग्लंडमध्येही अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत सुटी होणारी धनुष्ये होती. त्यांना ‘कॅरेज बो’ म्हणत. सहा फुटांचे धनुष्य घोडागाडीत आडवे मावत नाही म्हणून मुठीत धातूची नळी बसवून दोन भाग करायचे. तिरंदाजी तेव्हा लढाईतून बाहेर पडून सरदार मंडळींच्या हिरवळीवर आली होती, आणि ही सोय त्यांच्यासाठी होती. १७९५ मध्ये लंडनच्या तिरंदाजांसमोर तुर्की वकिलातीतला महमूद एफेंदी नावाचा चिटणीस आपले आखूड, वळलेले धनुष्य घेऊन उभा राहिला आणि त्याने चारशे यार्डांच्या पुढे बाण टाकला. पाहणाऱ्यांना ते खरे वाटेना. पण त्यांनी आपली धनुष्ये बदलली नाहीत. शिंग, स्नायू, सरस आणि वर्षभराची वाट, हे त्यांच्या हौसेत बसणारे नव्हते.

दुसऱ्यांदा मूठ ताठ झाली ती हौशी माणसांच्या घरांत. इथून पुढची गोष्ट मला जवळची वाटते, कारण तिच्यात कारखानदार उशिरा येतात.

१९११ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाजवळ एक उपाशी, एकटा माणूस सापडला. याही जमातीचा तो शेवटचा माणूस होता. स्वतःचे नाव त्याने कधीच सांगितले नाही. मानवशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला इशी म्हटले; त्याच्या भाषेत त्याचा अर्थ ‘माणूस’ एवढाच. तो सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात राहू लागला. जवळच्या रुग्णालयातले शल्यचिकित्सक सॅक्स्टन पोप त्याच्यावर उपचार करता करता त्याचे शिष्य झाले. जुनिपर लाकडाचे, साडेतीन फुटांच्या आसपासचे आखूड धनुष्य, त्याच्या पाठीवर चावून मऊ केलेले हरणाचे स्नायू, आणि ते चिकटवायला सामन माशाची कातडी उकळून केलेला सरस. हे सारे पोप यांनी इशीजवळ बसून पाहिले आणि लिहून ठेवले. इशी १९१६ मध्ये क्षयाने गेला. पोप यांनी १९१८ मध्ये याही तिरंदाजीवर निबंध प्रसिद्ध केला आणि १९२३ मध्ये शिकारीच्या तिरंदाजीवरचे पुस्तक.

त्या पुस्तकात धनुष्य कसे करावे हे पहिल्या फळीपासून शेवटच्या गाठीपर्यंत सांगितले आहे. अमेरिकेत चांगले धनुष्य सहज विकत मिळत नव्हते; ज्याला हवे त्याने ते स्वतः करायचे. गंमत अशी की इशीकडे शिकूनही पोप यांचे मन जडले ते यू लाकडाच्या इंग्लिश पद्धतीच्या धनुष्यावर. पण यूची सहा फुटांची, गाठीविरहित फळी मिळणे दुरापास्त. म्हणून तीन-तीन फुटांचे दोन तुकडे घ्यायचे आणि मुठीत माशाच्या शेपटीसारखा सांधा कापून ते सरसाने जोडायचे. सांध्यावर जादा लाकडाचा ठोकळा बसला की मूठ आपोआप जाड आणि ताठ होते. सुटे करता न येणारा का होईना, पण सांधा मुठीत आला.

पुढच्या वीस वर्षांत या सुतारकामात भौतिकशास्त्र शिरले. क्लॅरेन्स हिकमन आणि पॉल क्लॉप्स्टेग हे दोघे पेशाने भौतिकशास्त्रज्ञ, हौसेने तिरंदाज. बाणाचा वेग मोजायची यंत्रे, वाकणाऱ्या पात्याची गणिते, हे त्यांनी केले. इंग्लिश धनुष्याचा इंग्रजी ‘डी’सारखा फुगीर काटछेद लाकडावर अन्याय करतो, चपटे आयताकृती पाते जास्त चांगले, हे या कामातून पुढे आले. क्लॉप्स्टेग यांनी १९३४ मध्ये तुर्की तिरंदाजीवर पुस्तक लिहिले. महमूद एफेंदीने दाखवलेली गोष्ट गणिताने मान्य व्हायला एकशे एकोणचाळीस वर्षे लागली.

मात्र शिंग आणि स्नायू परत आले नाहीत. त्यांच्या जागी आले काच-तंतू. १९२७ मध्ये डेट्रॉइटच्या एका चित्रपटगृहात आर्ट यंग या तिरंदाजाचा अलास्कातला चित्रपट फ्रेड बेअर नावाच्या तरुणाने पाहिला आणि त्याने तळघरात धनुष्ये करायला घेतली. १९३३ मध्ये त्याचा धंदा सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर एकाच दिशेने तंतू असलेली फायबरग्लासची पट्टी धनुष्याच्या दोन्ही अंगांना चिकटवण्याची पद्धत रूढ झाली. पुढे काच, मध्ये मेपलचा पातळ गाभा, मागे काच. सरसाच्या जागी इपॉक्सी. आकृती काढून पाहा. शार्ङ्गच आहे ते. वर्षभराचे काम एका रात्रीवर आले आणि पावसाळ्याचे भय गेले, इतकाच फरक. पातळ, ताकदवान पात्यांना आता मोठी ताठ मूठ हवीच होती, आणि मूठ इतकी मोठी झाली की तिला पात्यांपासून वेगळे करणे हे पुढचे साहजिक पाऊल होते.

१९७० च्या सुमारास बेअर यांचे तीन तुकड्यांचे धनुष्य बाजारात आले. त्याची पाती हत्याराशिवाय, खटक्याने बसत. १९७२ मध्ये म्युनिकला तिरंदाजी बावन्न वर्षांनी ऑलिम्पिकमध्ये परतली आणि अठरा वर्षांच्या जॉन विल्यम्सने सुवर्ण जिंकले. त्या दशकात स्पर्धेच्या धनुष्यांची मूठ लाकडातून मॅग्नेशियमच्या ओतीव ठोकळ्यात गेली. अर्ल हॉइट यांच्या कारखान्यातली पाती बसवण्याची खाच आज आंतरराष्ट्रीय मापाची झाली आहे. एका कंपनीच्या मुठीवर दुसऱ्या कंपनीची पाती बसतात. पंचवीस इंची मुठीला मध्यम पाती लावली की अडुसष्ट इंचांचे धनुष्य, आखूड लावली की सहासष्टचे. खरे तर याच काळात रिकर्व्हचे दिवस संपायला हवे होते. मिसुरीच्या हॉलिस ऑलन यांनी १९६६ मध्ये कप्प्या लावलेल्या धनुष्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, तेही घरच्याच खटपटीतून, आणि शिकारीचा बाजार बघता बघता त्या कंपाउंड धनुष्याने घेतला. रिकर्व्ह टिकले ते ऑलिम्पिकच्या मैदानावर, आणि घरोघरच्या फर्म्यांवर.

आता माझ्या कागदाकडे येतो. घरी करणाऱ्याला टेकडाउनचा मोठा फायदा प्रवासाचा नाही. अखंड रिकर्व्ह करायचे तर पाच फुटांहून लांब फर्मा हवा, तितकीच लांब भट्टी हवी, आणि दोन्ही पाती एकाच वेळी एकसारखी उतरायला हवीत. एका बाजूला चूक झाली की सगळे धनुष्य गेले. तीन तुकड्यांत दोन फुटांचा एकच फर्मा पुरतो. त्यावर आधी एक पाते, मग दुसरे. बिघडले तर एक पाते बिघडते. आणि भाची वाढत्या वयाची आहे. दोन वर्षांनी जास्त वजनाची पाती करून त्याच मुठीला लावता येतील. खांद्याला सोसवेल इतकेच ओझे, हा या सगळ्या उद्योगाचा मूळ हेतू.

म्हणून वजन आधी ठरवले. तिच्या ओढीला, म्हणजे पंचवीस इंचांना, चोवीस पौंड. क्लबच्या संचापेक्षा हे बरेच हलके आहे. इथे एक नियम डोक्यात पक्का ठेवावा लागतो. पात्याची रुंदी दुप्पट केली तर वजन दुप्पट होते, पण जाडी दुप्पट केली तर आठपट. जाडीत दहा टक्के वाढ झाली की वजन जवळजवळ एक तृतीयांश वाढते. सुतारकामात अर्धा मिलिमीटर म्हणजे रंध्याचे एक-दोन हात. इथे तेवढ्याने चोवीसचे तीस पौंड होतील आणि खांदा पुन्हा दुखेल. शिवाय पाते मुठीकडे जाड आणि टोकाकडे पातळ होत जायला हवे, साधारण दर इंचाला दोन सहस्रांश इंच. हे हाताने होणार नाही. त्यासाठी रंधा चालवायची उतरती पाटी आधी करावी लागेल.

गाभ्याला मेपलऐवजी बांबू घेणार. मानवेल जातीचा, सालीकडचा भाग, कारण बांबूचे तंतू तिथे दाट असतात. दिवाळीच्या आकाशकंदिलासाठी आपण ज्या कामट्या काढतो त्याच जातीचे काम, फक्त इथे दोन गाठींमधले अंतर आणि जाडी मोजून घ्यायची. मुठीला शिसव. शिसव तेलकट असते, चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसले नाही तर इपॉक्सी धरत नाही. हे मी विद्यार्थ्यांना सागाच्या बाबतीत शेकडो वेळा सांगितले आहे. थर फर्म्यावर दाबायला शिकंजे लावले तर दाब ठिकठिकाणी पडतो. म्हणून वर लाकडी झाकण आणि मध्ये अग्निशमनाच्या कॅनव्हास पाइपाचा तुकडा ठेवून त्यात हवा भरायची, चौरस इंचाला पन्नास-साठ पौंड. मग प्लायवुडच्या पेटीत बल्ब लावून पासष्ट-सत्तर अंश सेल्सिअसला काही तास. जुने पिवळे बल्ब शोधावे लागतील. एलईडीने घर उजळते, पण पेटी तापत नाही. फायबरग्लास घासताना मास्क हवाच, ती धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही.

आणि सांधा. लोहाराच्या त्या आट्यांपासून बेअरच्या खटक्यापर्यंत सगळा इतिहास वाचून मी साध्या पद्धतीवर आलो. प्रत्येक पात्याला एक बोल्ट आणि एक खुंटी, मुठीच्या उतरत्या गादीवर. बोल्ट आणि खुंटी यांत पाच सेंटिमीटर अंतर. खुंटीच्या भोकात अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तर पन्नास सेंटिमीटरवरच्या टोकाशी ती पाच मिलिमीटर होते. दोरी तेवढी बाजूला जाते, पाते पिळते, आणि एखाद दिवशी दोरी टोकावरून घसरते. म्हणून दोन्ही भोके मुठीत आणि पात्यात एकाच पोलादी साच्यातून पाडायची. तो साचा मी एका जुन्या विद्यार्थ्याच्या वर्कशॉपमध्ये करून घेतला. धनुष्यातला तयार झालेला हा पहिला भाग, आणि तो धनुष्यात राहणार नाही.

भाचीला कागदावरची आकृती दाखवली. तिने मुठीच्या दोन्ही टोकांवर बोट ठेवले आणि विचारले, “मोडलं तर इथे मोडेल का?” मी म्हटले, इथे नाही, मोडले तर पात्यात मोडेल. पहिले जोडलेले धनुष्य तिच्या हातात द्यायच्या आधी भिंतीला ठोकलेल्या पाटीवर दोरी चढवून, कप्पीने लांबून, इंच इंच ओढून पाहायचे आहे. वरच्या आणि खालच्या पात्याचा बाक सारखा येतो का, हे तिथेच कळते. ओढताना तिने खोलीबाहेर थांबायचे, असे ठरले आहे. ती म्हणाली, खिडकीतून बघते.

फर्म्याचे प्लायवुड काल कापून झाले. वळण फ्रेटसॉने काढले आहे, कड अजून घासायची आहे.